शालूबाईंची खानावळ

शिरोली एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत शालूबाई खानावळ चालवायच्या. फाउंड्रीत काम करणारी पोरं तिथं जेवायची. कुणी बिहारचं, कुणी बेळगावकडचं. मागच्या खोलीत विधवा सून क्रांती आणि नुकता चालायला लागलेला नातू यशराज.

खोकला सुरू झाला तेव्हा शालूबाईंनी फोडणीच्या धुराला दोष दिला. मग संध्याकाळी कणकण येऊ लागली, पोलकी ढगळ झाली. एका सकाळी पदरावर रक्त दिसलं. त्यांनी पदर धुतला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पण यशराजनं कडेवर यायला हात पसरले की त्या मागं सरायच्या.

शेवटी गल्लीत फिरणाऱ्या आशा सेविकेनं, मधुवंतीनं हटकलं आणि थुंकी तपासायला नेलं. टीबी निघाला.

"ताई, कुणाला सांगू नगा," शालूबाईंनी तिचा हात धरला. "एक माणूस जेवायला येणार न्हाय."

"ताटावाटीतनं पसरत न्हाय मावशी, खोकल्यातनं पसरतं. औषध चालू झालं की भीती कमी होती. पण बंद खोलीत रोज बसणाऱ्या सगळ्यांना तपासाय पायजे. नाव तुमचं घेणार न्हाय मी."

शालूबाई घरी आल्या, पण चूल पेटवली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मोहित येत होता. फाउंड्रीत ओतीव लोखंडाची कास्टिंग घासणारा हा पोरगा हल्ली अर्धी भाकरी टाकून उठायचा, भिंतीकडं तोंड करून खोकायचा. नाव न घेता कुणी सांगितलं, तर हा खाडा करून तपासायला जाईल? कशाला जाईल?

पोरं जेवायला आली तेव्हा शालूबाई तोंडाला पदर बांधून दारातच उभ्या होत्या.

"मला टीबी झालाय. आज स्वयंपाक न्हाय. उद्या समद्यांनी तपासून घ्या."

 चौघे तिथूनच वळले. मोहित मात्र थांबला.

"मुकादमाला कळलं तर काढंल की मावशी मला."

"आधी जगशील तर कामावर जाशील! व्हय म्हण."

यशराजचा रिपोर्ट येईपर्यंत शालूबाईंच्या पोटात अन्न गेलं नाही.  क्रांती लेकराला घेऊन मागच्या खोलीत दार लावून बसायची. तो आतून "आज्जी" म्हणून दार थापटायचा आणि शालूबाई बाहेर उठून जायच्या. यशराजला आणि क्रांतीला काही निघालं नाही. तरी खबरदारी म्हणून दोघांनाही औषध चालू केलं. मोहितला मात्र टीबी होता.

शालूबाईंचं औषध पुरं झालं, तपासणीही चांगली आली. खानावळ आता अंगणात, उघड्यावर चालते. जुनी थोडीच पोरं परत आली. मोहित येतो, त्याच्याही गोळ्या संपत आल्यात, अंगही धरू लागलाय. पण काम तेच, धुळीतलं. ते बदलून द्या म्हणून शालूबाई स्वतः मुकादमाकडं गेल्या होत्या. तो "बघू" म्हणाला. त्याला आता बरेच दिवस झाले.