पंखाला पायाचं बोट

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. फ्रीजमधल्या वाट्यांसारखे साचतात. ठेवल्याचं आठवत नाही आणि एक दिवस दार उघडावं तर आत जागा नाही. परवा कॉलेजच्या मैत्रिणी जमल्या, एकीनं विचारलं, "तुझ्या त्या पिल्लाचं पुढे काय झालं गं?" मग काय, चहा तीनदा झाला.

नव्वदच्या दशकातलं सुरत. तिथल्या एका सायन्स कॉलेजात मी झूलॉजीची टेम्पररी डेमॉन्स्ट्रेटर. जन्म सुरतचा, घर रेल्वेफाटकापलीकडे उधन्याला, वडील लूमवर, मूळ गाव नंदुरबारकडे. आमचे हेड नायक सर, पक्के सुरती आणि त्याहून पक्के शाकाहारी. लॅब अटेंडंट भिकाभाऊ आमच्याच गल्लीतले.

सरांनी मला पीएच.डी.ला एक प्रयोग दिला होता. अंड्यात पिल्लू घडत असतं तेव्हा त्याच्या होऊ घातलेल्या मांडीतला कणभर तुकडा उचलायचा आणि होऊ घातलेल्या पंखाच्या टोकाला बसवायचा. परदेशात हे कधीच होऊन गेलं होतं, पण सरांचं म्हणणं, "आपल्या कोंबड्यांनी अजून केलेलं नाही."

श्रावणात युनिव्हर्सिटीचा एक्स्टर्नल येणार होता. त्याला रिझल्ट दाखवला तर माझं रजिस्ट्रेशन टिकणार, नोकरीही टिकणार. नाहीतर आईशेजारी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. आईनं डिंकाची दुसरी बाटली आणूनही ठेवली होती.

*

सुरुवातीला मी बाजारातून तीन डझन अंडी आणली आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवली. चार दिवसांनी उघडली तर आत नुसता पिवळा बलक. सरांनी तापमान वाढवलं. पुन्हा बलक. मग पाण्याची वाटी ठेवली, इन्क्युबेटरची दिशा बदलली, कंपनीला कडक पत्र लिहिलं. महिना गेला.

भिकाभाऊ रोज ते बलक ओतून टाकायचे. शेवटी एक दिवस कंटाळून म्हणाले, "या अंडास्ले बाप नई शे, मॅडम."

पोल्ट्रीतल्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो, हे उधन्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला नव्हतं, कारण मी शिकलेली. आणि सर वीस वर्षं स्लाइडवरून गर्भविज्ञान शिकवत होते, अंडं काही त्यांनी कधी विकत घेतलं नव्हतं. ते पुस्तक चाळून म्हणाले, "पुस्तकात हे स्पष्ट द्यायला हवं होतं."

त्यानंतर भिकाभाऊ गल्लीतून बापाची अंडी आणू लागले.

*

सर शिकवायचे मात्र फक्कड. म्हणायचे, "पेशीला सुरुवातीला माहीत नसतं आपण कोण होणार. शेजारी सांगतील तसं वागते. मग एक वेळ येते, तिचं आतून ठरून जातं. त्यानंतर तिला उचलून कुठेही ठेवा, ती विसरत नाही. तिच्या लेकी-नातीही विसरत नाहीत."

एका पोरानं विचारलं, "पण सर, ठरलंय हे वरून कळणार कसं?"

"माणसाचं जसं कळतं तसंच," सर म्हणाले. "ठेच लागल्यावर."

हे ते गमतीत म्हणाले नव्हते! आमच्या लॅबचा उंबरा चांगला चार बोटं उंच होता. कोण अडखळतं आणि कोणत्या भाषेत ओरडतं, याची सरांनी डायरी ठेवलेली. शिपायाशीही इंग्रजीत बोलणाऱ्या केमिस्ट्रीच्या मॅडम तिथे ठेचाळल्या आणि अस्सल काठियावाडीत असं काही बोलल्या की पोरांनी वह्या काढल्या. प्रिन्सिपॉलनी उंबरा तासायला सुतार पाठवला, तर सरांनी त्याला परत धाडलं. "डेटा येतोय," म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात मीही धडपडले होते. एकदा चोरून डायरी बघितली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "ओ बाप रे. तीन भाषांत चालतं. अनिर्णित."

मला राग आला, खरं सांगते. दोन दिवस मी सरांशी बोलले नाही.

*

भिकाभाऊ मला लॅबमध्ये मॅडम म्हणायचे. सर आत आले की तोच माणूस मला "बेन" म्हणायचा. आणि सायकल हातात धरून उधन्याचं फाटक ओलांडलं की अहिराणीत "माय, चाल घर."

एकदा फाटकाच्या बरोबर मध्यावर त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं, आणि पलीकडे जाईपर्यंत काही बोललेच नाहीत.

*

माझा हात बसला. अंड्याला खिडकी पाडायची, तुकडा उचलायचा, बसवायचा, खिडकीला चिकटपट्टी. बारा अंडी झाली आणि त्याच दुपारी इन्क्युबेटर जळाला. कंपनीला पुन्हा पत्र लिहायला सर बसले. मी टेबलाला धरून उभी, डोळ्यांपुढे डिंकाची बाटली.

भिकाभाऊंनी कापसात गुंडाळून बाराही अंडी जेवणाच्या डब्यात घातली, डबा शर्टाच्या आत, पोटाशी, आणि सायकल हाणली. घरी त्यांची कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली सारली. कोंबडीनं चिकटपट्ट्यांकडे एकदा बघितलं म्हणे, मग भिकाभाऊंच्या बायकोकडे, आमच्या वहिनींकडे बघितलं आणि बसली.

एकच अंडं फुटलं. पिल्लाच्या उजव्या पंखाच्या टोकाला दोन बोटं होती. पिवळी, खवल्यांची, नखं असलेली, चक्क पायाची बोटं. मी भिकाभाऊंच्या ओट्यावर बसून मोठ्यानं रडले.

सर जन्मात पहिल्यांदा उधन्याला आले. नाकाला रुमाल लावून पिल्लू बघितलं, मग रुमाल डोळ्यांना लावला. "बघ," म्हणाले, "आपण पायाचे आहोत एवढं त्या तुकड्याला पक्कं माहीत होतं. पायाचा कोणता भाग, ते ठरायचं होतं. शेजाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, इथे टोक आहे. मग तो पायाचं टोक झाला."

"म्हनजे पंख नई व्हयना," भिकाभाऊ म्हणाले.

"नाही झाला," सर म्हणाले.

*

श्रावणातल्या रविवारी आम्हा खानदेशींकडे कानबाई बसते. वहिनींनी पिल्लाला हळदकुंकू लावून देवीपुढे टोपलीत ठेवलं. गल्लीतल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या, आणि नेमका सोमवारी एक्स्टर्नल आला.

टाय, चकचकीत बूट, तोंडात इंग्रजीशिवाय शब्द नाही. आमच्या उंबऱ्यावरून त्यानं पाय असा अलगद उचलून टाकला की सरांचा चेहरा पडला.

"स्पेसिमेन?" त्यानं विचारलं.

पिल्लू आणायला गेलेले भिकाभाऊ हात हलवत परतले होते. वहिनींचा निरोप होता, "देवीपुढलं लेकरू बाटलीत घालाले मी देवाव नई."

एक्स्टर्नलनं पेनाला टोपण लावलं. स्पेसिमेन नाही, तर रजिस्ट्रेशनला एक्स्टेन्शन नाही. मी हात जोडले. सरांनी भिकाभाऊंचं घर स्टेशनच्या वाटेवरच असल्याचं शपथेवर सांगितलं, जे साफ खोटं होतं, आणि त्याला रिक्षात कोंबलं.

घरात देवी, म्हणून त्याला बूट काढावे लागले. मोजेही काढले. आत अंधार, समोर टोपली. त्यानं पाऊल टाकलं ते थेट भिकाभाऊंच्या उंबऱ्यावर.

"ओ माय वं! मरी गऊ वं माय!"

गल्लीतले लूम तेवढे खडखडत होते. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि सहज विचारलं, "कोनतं गाव शे भाऊ तुम्हनं?"

तो अंगठा धरून खाली बसला, टाय सारखा केला. पिल्लू टोपलीतून उतरून त्याच्या गुडघ्याशी आलं. त्यानं दोन बोटांनी त्याचा पंख उलगडला आणि खूप वेळ बघत राहिला. मग माझा फॉर्म मागितला, "रिझल्ट ऑब्झर्व्ड" लिहिलं आणि सही केली.

मान वर करतो तर सर डायरी उघडून बसलेले.

"प्रोफेसर," तो इंग्रजीत म्हणाला, "प्लीज, हे लिहू नका."

सरांनी डायरी मिटली. त्यानं मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उंबरा जपून ओलांडला. रिक्षात एक पाय ठेवून थांबला, मागे वळला आणि वहिनींना हळूच म्हणाला, "पारोळा."