बिनआवाजी गाडी

कंपनीनं आमच्या गावामागचा माळ सोलरसाठी घेतला, तेव्हा मी टेम्पो चालवत होतो. माळावर पहाऱ्याला माणसं हवीत असं कळलं आणि मी अर्ज केला. लहानपणी वडिलांच्या आणि नानांच्या मागं मी त्याच माळावर मेंढरं वळली होती. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. वडील गेल्यावर आमचा कळप मी मोडला, नानांनी त्यांचा ठेवला. कंपनीच्या साहेबांना मी एवढंच सांगितलं, की मला हा माळ पाठ आहे. त्यांनी लगेच घेतलं.

पहिली तीन वर्षं माझ्याकडं पेट्रोलची जुनी मोटारसायकल होती. तिचा सायलेन्सर फुटलेला. मी ओढ्यातून वर चढायला लागलो की पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. तेवढ्या वेळात मेंढपाळ शिट्ट्या मारून मेंढरं सोलरच्या पाट्यांच्या रांगांतून बाहेर काढायचे. मी पोचेपर्यंत सगळे हद्दीपलीकडं, काठीला टेकून उभे. मी हात करायचो, तेही करायचे. रजिस्टरमध्ये मी ‘सर्व ठीक’ लिहायचो. असं कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. मेंढरांनी खाल्लं नसतं, तर पाट्यांखालचं गवत कंपनीला मजूर लावून कापावंच लागलं असतं.

गेल्या वर्षी कंपनीनं इलेक्ट्रिक मोटारसायकल आणली. उंच, सडपातळ, टायरला रबराच्या मोठाल्या गुट्ट्या. डांबरी रस्त्यासाठी ती नव्हतीच, त्यामुळं तिला नंबरप्लेट नव्हती, आरसा नव्हता, हॉर्नही नव्हता. शिकवायला पुण्याहून एकजण दोन दिवस आला. क्लच नाही, गिअर नाही. डाव्या हाताला जिथं आपला क्लच असतो, तिथं हिचा मागचा ब्रेक. पंचवीस वर्षांची सवय अशी एका दिवसात जाते का? पहिल्याच उताराला माझ्या डाव्या हातानं क्लच समजून तो ब्रेक आवळला. मागचं चाक जागीच थांबलं, मुरूम खालून सरकला आणि मी वेड्या बाभळीत. हातातले काटे बायकोनं रॉकेलचा बोळा लावून सुईनं काढले.

“काका, डावा हात विसरा,” शिकवणारा म्हणाला. “आणि बसू नका. पायांवर उभं राहायचं, गुडघे ढिले. चाकाकडं बघाल तर पडाल. जिथं जायचंय तिकडं बघा.”

मनगट जरासं वळवलं की सगळी ताकद एकदम यायची, पुढचं चाक उचललं जायचं. पेट्रोलची गाडी आधी गुरगुरून सांगायची, ही काही सांगत नव्हती. चढाला आणि समोरच्या वाऱ्याला बॅटरी झपाट्यानं उतरायची. एकदा भर दुपारी ती ओढ्यातच संपली आणि मी गाडी ढकलत वर आणली. दोन दिवस कंबर धरून बसलो. साहेबांना सांगितलं, मला माझी जुनीच द्या. ते म्हणाले, “ती भंगारात गेली.”

पण महिन्याभरात अंगवळणी पडली ती. चढाला छाती पुढं, उताराला ढुंगण मागं, हे सांगावं लागेना. गेटपासून वरच्या टेकाडापर्यंत मी एकदाही पाय न टेकता जायला लागलो. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला नवीन काही चांगलं जमतंय असं किती वेळा वाटतं? नुसता टायरखालच्या खड्यांचा आवाज. तित्तर अगदी चाकापुढून उडायचे.

“आता बघा,” साहेब म्हणाले, “तुम्ही कधी आलात ते त्यांना कळणारच नाही.” मग त्यांनी मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. हद्दीत कुणी दिसलं की फोटो काढायचा. तो काढताक्षणी ऑफिसात जायचा.

पहिल्यांदा एक मेंढपाळ सापडला तो जेवत होता. मी पाठीमागं जाऊन थांबलो आणि “राम राम” म्हणालो, तसा तो दचकला, भाकरी मातीत पडली. मी हसलो. त्यानं भाकरी उचलून फुंकली आणि म्हणाला, “लई भारी गाडी हाय.” तो हसला नाही. मी फोटो काढला. मला ओरडता आलं असतं, ओढ्यातूनच हाळी देता आली असती. हॉर्न गाडीला नव्हता, गळा मला होता. सुरुवातीला पडायच्या भीतीनं सगळं ध्यान वाटेवर असायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. पुढं भीती गेली, तरी मी हाळी दिली नाही.

उन्हाळ्यात मेंढरं प्यायची तो पाझर तलाव आटला. एका दुपारी मी टेकाडावरून खाली उतरलो आणि पाट्या धुवायच्या पाण्याच्या पाइपाशी मेंढरं दिसली. पाइपाचा जोड काढून कुणीतरी खळग्यात पाणी सोडलं होतं. मेंढरं पीत होती. त्यांच्यातच एक म्हातारा उकिडवा बसून ओंजळीनं पीत होता. मी दहा पावलांवर थांबलो. खिशातून मोबाईल निघाला, फोटो निघाला. त्यानंतर मला पागोटं ओळखू आलं.

कुत्रं गुरगुरलं, तसे नाना वळले. मिशांतून पाणी गळत होतं.

“कवा आलास?”

“आत्ताच, नाना.”

ते गाडीकडं बघत राहिले. “तुजा बाप कुनाच्या दारात जाताना बी आदी खोकायचा.”

“गाडीला आवाजच न्हाई, नाना.”

“गाडीला नसंल. तुला बी न्हाई का?”

नानांनी पाइपाचा जोड परत बसवला, घट्ट आहे का ते ओढून पाहिलं. मग विचारलं, “फोटू काडलास का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

तिथूनच साहेबांकडं जायला हवं होतं. माझे चुलते आहेत, एवढं सोडा, असं सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी गाडी चार्जिंगला लावली, डबा खाल्ला. रोज एवढे फोटो जातात, कोण बघतंय, असं म्हणून गप्प बसलो.

साहेबांनी बघितला. दुसऱ्या दिवशी दुसरा पहारेकरी पाठवून नानांना गेटवर बोलावलं आणि केबिनच्या पायरीवर बसवून ठेवलं. दहा वाजता आले होते, दोन वाजता आत घेतलं. माफीनामा टाइप करून तयार होता. नानांना सही येते, तिसरीपर्यंत शिकलेत ते. साहेबांनी न विचारताच शाईचं पॅड पुढं सरकवलं. नानांनी मुकाट्यानं अंगठा दिला. मग साहेबांनी तो फोटो त्यांच्यापुढं धरला. वाकलेली पाठ, फाटकी बंडी, मेंढरांत मेंढरासारखं पिणारं माणूस.

“ह्यो कुनी काडला?”

साहेबांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट केलं. “हे काय, तुमच्याच गावचे आहेत. ओळखता ना?”

नानांनी माझ्याकडं पाहिलं. “गावचेच हायेत,” एवढंच म्हणाले. भावाचा पोरगा आहे, असं म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही.

त्यानंतर मी ओढ्यातून हाळ्या द्यायला लागलो. एका मेंढपाळानं मला अडवलं. “आता कावून वरडतोस रं? आदी चोरावानी येत हुतास, आता सरकारवानी यायलास.” गावात चावडीपाशी मी गेलो की बोलणं थांबायचं. बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, तिनं ते मला चार दिवस ऐकवलं. साहेबांनी मात्र दोन नवे पहारेकरी माझ्या हाताखाली दिले. शिकवा म्हणाले, तुमच्याइतकी गाडी कुणी चालवत नाही. ते खरं होतं. मी त्यांना शिकवलं.

पोळ्याच्या आधी नानांनी मेंढरं विकली आणि दिंद्रुडला लेकीकडं राहायला गेले. मी बरेच दिवस जाईन म्हणत होतो. शेवटी एका रविवारी एसटीनं गेलो, केळी घेऊन. नाना ओसरीत बसले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. जन्मात कधी माझ्यासाठी उठले नव्हते.

“या,” म्हणाले. “बसा.”

मला वाटलं, माझ्यामागं आणखी कुणी आलं असेल. कुणी नव्हतं. नानांनी लेकीला चहा टाकायला सांगितलं. कापूस कसा आहे, पाऊस किती झाला, बस वेळेवर होती का, सगळं विचारलं. मी म्हणालो, “नाना, त्या दिवशी माजं चुकलं.” त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली. “घ्या, निवंल चहा.”

मी चहा घेतला. निघताना पाया पडलो, तर त्यांनी पाय मागं ओढून घेतले आणि हात जोडले.

“जावा तुमी आता,” नाना म्हणाले. “बस चुकंल तुमची.”