पोरीच्या फोटोखाली मीच हसलो

मला लिवता-वाचता येत न्हाई. हे दुसऱ्याकडून लिवून घेतोय. सही तेवढी येती, तीबी चित्र काढल्यासारखी. पन ऊसतोडीच्या टोळीत कुनाला पत्ता नव्हता. मी सगळ्यांला हसवायचो, अन् हसवनाऱ्याला कोन कागद वाचायला देतंय? दिलाच, तर म्हनायचो, चष्मा कोपीत, म्हंजी पाचटाच्या झोपडीत राहिला. मला चष्माच न्हाई.

टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात; बायको हुती तव्हा आमी दोघं मिळून एक कोयता. ती वारली अन् मी अर्धा कोयता झालो. टोळीचा मुकादम मला 'अर्ध्या' म्हनूनच हाक मारतो. पोरगी नववीत हाय. ती गावी, पाथर्डीकडं, माझ्या बहिनीपाशी असती. मी पाच-सहा महिने पुनतांब्याकडं उसाच्या फडात.

सुट्टीला पोरगी फडात आल्ती. तिनं हसत हसत उसाची मोळी डोक्यावर घेतली. मी फोटो काढला अन् गावाच्या ग्रुपवर टाकला. आठ दिसांनी, पोरगी गावी शाळंत परतल्यावर, तोच फोटो ग्रुपवर परत आला, वर-खाली लाल अक्षरं लिवलेली. आमच्याकडं कुनाचा वाढदिवस असला, कुनी ट्रॅक्टर घेतला, की असाच फोटो करत्यात. मला वाटलं, गावानं पोरीचा सत्कार केला. खाली हसरी तोंडं टाकली, पाच. तेवढ्यानं भागलं न्हाई म्हनून पाव्हन्यांला पाठवला, मुकादमालाबी पाठवला.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादम फोन घिऊन आला.

"अर्ध्या, हे वाचलंस का?"

"चष्मा कोपीत..."

"चष्म्याचं ऱ्हाऊ दे. वाचलंस का?"

मी उसाच्या गाडीच्या बैलाकडं बघत ऱ्हायलो. मग त्यानंच हळू आवाजात वाचलं. 'मोळीवाली बाई. हिला मास्तरीन व्हायचंय, पन वर्गात उसाचा वास येतो.' तिच्या वर्गातल्या पोरांनी केल्तं, हे मागनं कळलं.

"अन् तू खाली हसलायस," मुकादम म्हनला.

तवाच बहिनीचा फोन आला. "तीन दिस झालं, पोरगी शाळंत जाईना. म्हनती, शाळा बास, पप्पासंगं ऊस तोडीन."

तीन दिस ती माझा फोन उचलत नव्हती, अन् मी समजत हुतो अभ्यास करत आसंल.

नगरवरून बस, मग जीप, असा गावी गेलो. पोरगी भिताडाकडं तोंड करून बसल्ती.

"बाकीचे हसले ते कळलं मला. तुमी का हसलात, पप्पा?"

एरवी माझ्याकडं कशालाबी उत्तर असतं. त्या दिवशी खरं तेच सांगावं लागलं. म्हनलं, मला वाचता येत न्हाई.

ती माझ्याकडं वळली. मग म्हनली, "माझं प्रगतीपुस्तक तुमी बघत बसायचात ना?"

"आकडे वळखू येत्यात थोडे."

दुसऱ्या दिवशी तिला घिऊन शाळंत गेलो. हेडमास्तरांनी त्या पोरांला अन् त्यांच्या बापांला बोलावलं. एकाचा बाप फोन दाखवत म्हनला, "गंमत केली हो पोरांनी. हे बघा, पोरीचा बापच हसलाय. मंग आमच्या पोरानं काय गुन्हा केला?"

हेडमास्तर माझ्याकडं बघाय लागले. पोरगी दाराशी उभी. मी उठलो.

"मला वाचता येत न्हाई. मला वाटलं, वाढदिवसाचं काहीतरी हाय."

माझ्या बोलन्यावर कुनीच हसलं न्हाई, असा तो पहिलाच दिवस.

हेडमास्तरांनी एकेकाच्या फोनमधून फोटो समोर पुसून घेतला. बापांला बजावलं, परत असलं काही आलं तर पोरीसंगं मीच पोलीस चौकीत जाईन. मग मला म्हनले, "तुम्ही तरी फोटो टाकताना तिला विचारलं होतं का?"

मी न्हाई म्हनलो. पाव्हन्यांच्या फोनमधला तर माझ्याच हातानं गेलेला. तो कोन पुसनार? एकेकाला फोन लावून सांगितलं. काहींनी पुसला. काही म्हनले, कोन्चा फोटो?

सोमवारी तिनं शाळंचा ड्रेस घातला. ती म्होरं, मी दहा पावलं मागं. फाटकापाशी थांबून म्हनली, "जावा आता तुमी. पोरं बघत्यात."

माझी लाज वाटत हुती, का मला कुनी हसू नये म्हनून म्हनली, ते इचारलं न्हाई मी. ती आत गेली. मी भिताडाच्या भाईर उभा ऱ्हायलो. प्रार्थना सुरू झाली. सगळ्या पोरांचा मिळून एकच आवाज, त्यात तिचा कोंचा ते काय कळंना. ती म्हनत हुती, का नुसती उभी हुती, ते मला अजून म्हाईत न्हाई.