पीडियासाहेबाचा नैवेद्य

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. कधी जन्मालाच न आलेल्या एका इंग्रज साहेबापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं! हसू नका, चहा सांडेल.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही कोल्हापुरात राहायचो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारावर आलेल्या विक्रेत्याकडून इंग्रजी एन्सायक्लोपीडियाचे बाराच्या बारा खंड घेतले. शोकेसमध्ये काय दिसायचे म्हणता! वाचायचे? छे हो! हात लावला की आई ओरडायची, "खराब करशील!" ते बाहेर यायचे फक्त खंडेनवमीच्या पूजेला. आई सगळे खंड पाटावर मांडून पानांच्या कडांना ओलं हळदकुंकू लावायची, वर अक्षता टाकायची.

आणि मला बघायला कोडोलीचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. पोहे देताना एकदाच वर पाहिलं आणि खरं सांगते, तिथंच मी खलास! हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मनातल्या मनात अंबाबाईला नवससुद्धा बोलले.

"पोरगी वाचती का काय?" मुलाच्या आत्यांनी विचारलं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार.

"वाचते की! ते सगळे खंड वाचलेत," मी म्हणाले. आबांना ठसका लागला.

मुलानं सहज विचारलं, "मग एन्सायक्लोपीडिया हा शब्द आला कुठनं?"

माहीत नाही म्हणावं ना? पण जीभ सुटली ती सुटलीच. "पीडिया नावाचा एक साहेब होता. त्यानं जगभर फिरून सगळी माहिती गोळा केली. म्हणून त्याचं नाव दिलं."

"एकट्यानं?" आत्या पुढं सरकल्या.

"एकट्यानं! त्या नादात लग्नसुद्धा केलं नाही बिचाऱ्यानं."

"अरारारा!" आत्यांनी पदर डोळ्याला लावला.

मुलगा गंभीर चेहऱ्यानं शोकेसकडं गेला. "पहिल्या खंडात फोटो असंल की साहेबाचा. बघूया."

खंड उघडेना. पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली! त्यानं जोर लावला, तशा मूठभर अक्षता त्याच्या पँटवर सांडल्या आणि बोटं लालभडक झाली.

मला रडूच फुटलं. "एकसुद्धा पान वाचलं नाही हो मी!"

त्यानं रुमालाला बोटं पुसली आणि हळूच म्हणाला, "मूळ ग्रीक शब्द हाय. अर्थ म्हणजे, वर्तुळासारखं सगळ्या बाजूंनी पुरं शिक्षण. तुमचं राहिलंय, माझंबी राहिलंय. मिळून करूया की!"

अजून तो आवाज आठवला तरी मला भरून येतं.

पण गोष्ट इथं संपती तर बरं झालं असतं. ते ग्रीकबिक आत्यांच्या कानावर गेलंच नव्हतं, त्या अजून साहेबाच्या दुःखात होत्या. सासरच्या पहिल्या खंडेनवमीला माहेरहून आलेले खंड त्यांनी पाटावर मांडले, शेजारी एक सुपारी ठेवली आणि तिला गंध लावलं.

"ही कुणाची, आत्या?"

"तुझ्या सायबाची! बिनलग्नाचा गेला, त्याला कोण हाय? त्याचा निवद आता तूच करायचा."

तेव्हापासून दर खंडेनवमीला पीडियासाहेबासाठी मी घामाघूम होऊन पुरण वाटते. आमचे हे खंडात तोंड खुपसून हसत बसतात. थाप मारायचीच होती, तर साहेबाला गोड चालत नव्हतं एवढं तरी सांगायचं होतं!