उभ्या ज्वारीपायी सुटलेला गोल

जिंकलो आम्ही. तीन-दोन. पण तो सामना आठवला की आजही माझ्या तोंडून 'वा' निघत नाही, 'हुश्श' निघतं.

मी जीनगर. बीडला शाळेच्या फाटकासमोर माझं दुकान होतं. खोगीर, लगाम, पाण्याच्या चामडी छागला, असलं सगळं शिवायचो. फुटबॉलचं कातडं उसवलं की ड्रिल मास्तर तो माझ्याकडेच आणून टाकायचे. चेंडू शिवता शिवता खेळ बघायची चटक लागली, आणि मग रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून मी पोरांना शिव्या घालायला लागलो. खेळणारे अकरा, शहाणा मी एकटा. निजामाच्या राज्यात दुसऱ्या कुणाला शिव्या घालायची सोय नव्हती, हेही खरंच.

आमचा गोलकीपर नेकनूरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा होता. हात फावड्याएवढे, बोलणं मोजकं. मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. पण बापाच्या गुडघ्यांनी जवाब दिलेला, आणि औत धरायला घरात दुसरं कुणी नाही. बाप त्याला कायमचं न्यायला बीडला आला तेव्हा पोरगं माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसलं आणि म्हणालं, "काका, मला शिकायचं हाय हो." एवढंच. मग मीच मध्ये पडलो. आंबाजोगाईला जाऊन आमची शाळा कधी जिंकली नव्हती आणि तिथला सामना पंधरा दिवसांवर आला होता. मी म्हटलं, "आबा, एवढा सामना खेळू द्या त्याला. जिंकून आला तर शिकू द्या."

म्हातारा मग उठून खंडोबाच्या देवळात गेला आणि आमच्या देखत बेलभंडार उचलला. "जिंकून आला तर शिकंल. न्हाई तर औत." आमच्याकडे माणूस कचेरीत घेतलेली शपथ मोडेल, पण उचललेला बेलभंडार मोडत नाही.

आंबाजोगाई म्हणजे सरकारी कागदातलं मोमिनाबाद. बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. पौषाचे दिवस होते. तीन गाड्या निघाल्या, त्यातली एक मी मेहुण्याकडून मागून आणली होती, बैल तेवढे माझे. काय तो रस्ता! हाडं नुसती खिळखिळी झाली. पोचलो तेव्हा पोरांचे पाय सुजलेले, कप्तानाचा घसा बसलेला. लांबून आलेल्यांच्या पायांचा भरवसा नाही म्हणून दोन्ही शाळांच्या मास्तरांनी एक गडी बदलायची मुभा आधीच ठरवून घेतली, ते बरं केलं. मैदानाला लागूनच ज्वारीचं रान होतं, कणसं हुरड्यात आलेली. मी बैल बाभळीला बांधले आणि पळतच कडेला जाऊन उभा राहिलो.

आता खेळाचं सांगतो. पहिल्या डावात आम्ही लई वाईट खेळलो. सेंटरला चेंडू मिळाला की तो वडिलोपार्जित जमिनीसारखा धरून बसायचा, कुणाला देईल तर शपथ. बॅक दोघं एकमेकांच्या अंगावर. पहिला गोल बसला तो त्या दोघांच्या घोटाळ्यात, गोलकीपरचा काही दोष नव्हता. त्यानं तर नंतर चार-पाच मारे असे अडवले की त्यांची माणसंसुद्धा "शाबास" म्हणाली. मी म्हटलं, चला, पोरगं शिकतंय आता.

हाफटाइमच्या जरा आधी त्यांचे दोन गडी चेंडू घेऊन सुटले. मी गोलाकडे बघतो तर गोल रिकामा! आमचा पठ्ठ्या ज्वारीकडे धावतोय, हातात ढेकूळ, तोंडानं "हैक, हैक!" माझा पांढरा बैल सुटून ज्वारीत शिरला होता. इकडे चेंडू कुणी न अडवता गोलात गेला, आणि तिकडे ह्यानं बैलाची वेसण धरून त्याला बाहेर काढला.

मी तावातावानं धावलो. "गोल सोडून कुठं उलथला होतास बे?"

"उभ्या पिकात तोंड घातलं होतं त्यानं, काका."

"मग घालू द्यायचं की! तुझ्या बापाची ज्वारी हाय का ती?"

"कुणाच्या तरी बापाची हायच की."

खरं होतं, पण राग खरं ऐकून घेतो थोडाच? बैल माझा, कासरा मी बांधलेला, आणि मीच कप्तानाला ओरडून सांगितलं, "काढ याला! याचं ध्यान रानात हाय." बाकीची पोरंही चिडलेली होतीच. मास्तरांनीही मान डोलावली. तो बाहेर आला आणि बैलाशेजारी जाऊन बसला.

दुसऱ्या डावात आम्ही तीन गोल केले. गड्याला बाहेर काढलं म्हणून डाव फिरला, असं मी तिथं सगळ्यांना सांगत सुटलो. ते खोटं होतं. नव्या गोलकीपरकडे चेंडू धड दोनदासुद्धा आला नाही. त्यांचा सेंटर लंगडत होता म्हणून त्यांचा जोर ओसरला, आणि आमचा तिसरा गोल तर त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला. आमचा गडी गोलात राहिला असता तरी आम्ही जिंकलो असतो. हे मला तेव्हाच दिसत होतं, पण कबूल कोण करतो?

परतीच्या वाटेवर पोरं घसा फाटेस्तोवर ओरडत होती. तो माझ्या गाडीत मागं तोंड करून बसलेला. मी दोन-तीनदा म्हटलं, "अरे, जिंकलो ना? मग कशाची काळजी करतोस?" त्यानं नुसतं "हूं" केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेकनूर आलं. बाप रस्त्यालाच काठी टेकून उभा होता. पोरांनी गलका केला, "जिंकलो आबा, जिंकलो!" म्हातारा खाली उतरलेल्या पोराला म्हणाला, "जिंकलास?"

"टीम जिंकली. मला मधीच बाहेर काढलं."

"कावून?"

पोरगं माझं नाव घेईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उडी मारून खाली उतरलो आणि सगळं सांगून टाकलं. बैल माझा, बांधला मी, सुटला माझ्या हलगर्जीपणानं, आणि ह्यानं लोकाचं उभं पीक वाचवायला गोल सोडला. "चूक माझी हाय आबा, पोराची न्हाई." मला वाटलं, आता काम झालं.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हसताना पाहिलं. पोराच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "लोकाच्या ज्वारीसाठी एवढा धावतोस, मग घरच्या ज्वारीला मी दुसरा गडी कावून हुडकू?"

"आबा, बेलभंडार उचललाय तुमी," मी म्हटलं.

"ध्यानात हाय. म्हणून तर त्यालाच इचारतो." तो पोराकडे वळला. "तू सांग. जिंकून आलास का रं तू?"

सगळी पोरं गाडीतून बघत होती. मी म्हाताऱ्याच्या मागं उभा राहून मान हलवत होतो, हो म्हण, अरे बाबा, हो म्हण. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय खुणावतोय ते त्याला कळलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला.

मग गाडीतून आपलं गाठोडं काढलं, मास्तरांच्या पाया पडला, माझ्याही पडला, आणि बापाच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल अशा बेतानं हळूहळू चालत गावात गेला. तिथून पुढं गाडीत कुणी ओरडलं नाही.

बीडच्या वेशीत लोक गुलाल घेऊन उभे होते. मला खांद्यावर घ्यायला निघाले, एवढा मी त्यांचा शहाणा. कुणीतरी गाडीत डोकावून विचारलं, "गोलकीपर कुठाय?"

मी म्हटलं, "त्याला मी काढलं."