पुलाला टोकं दोन, शाल एक

अन्याय झाला तो पुलाच्या पूर्व टोकाला झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसावर, परळच्या मंडळाने केलेल्या त्याच्या सत्काराच्या दुसऱ्याच सकाळी, ऑफिसच्या गर्दीत. हे आधी लिहितो, कारण त्या सकाळी अख्ख्या परळने त्यालाच शिव्या घातल्या. पोलिसातून निवृत्त झालो, तरी ती घटना डोक्यातून जात नाही.

जुन्या पुलाची दुरुस्ती चालू होती. अर्धी रुंदी खोदलेली, उरलेल्या अर्ध्यावरून आळीपाळीने एकेका बाजूची वाहनं सोडायची. पूल बंद ठेवणं शक्यच नव्हतं. पलीकडे इस्पितळं आहेत. मध्ये चढ, त्यामुळे या टोकाचं त्या टोकाला दिसत नसे आणि हॉर्नच्या गोंगाटात वॉकीटॉकी निरुपयोगी. म्हणून रांगेतल्या शेवटच्या वाहनवाल्याकडे लाल झेंडा द्यायचा. तो पलीकडे पोचला की पूल मोकळा, मग तिकडची रांग सोडायची.

पूर्वेला हा, पश्चिमेला याचा भावोजी, सख्ख्या बहिणीचा नवरा. दोघे लालबागच्या एकाच चाळीतले, एकाच ठेकेदाराकडे कामाला.

त्या सकाळी झेंडा आला म्हणून याने रांग सोडली, आणि चढावर समोरून टेम्पो आला. स्कूटरवरच्या एका मुलीचा पाय मोडला. भावोजीचा जबाब ठाम होता: झेंडा त्या टेम्पोवाल्याकडेच दिला होता, मेव्हण्याने वाट न बघता गाड्या सोडल्या, सत्कार डोक्यात गेलाय त्याच्या. टेम्पोवाला गर्दीत पसार, झेंडाही त्या गडबडीत गायब. निष्काळजीपणाचा गुन्हा मेव्हण्यावर दाखल झाला, ठेकेदाराने त्याला तिथल्या तिथे काढलं.

भावोजीशी काही वाकडं आहे का, असं मी त्याला विचारलं.

"छे हो साहेब. भावोजी असं करायचे नाहीत. माझंच काहीतरी चुकलं असेल."

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला, रांगेतल्याच कुणाचा तरी असावा. पाववाल्याला विचारा, एवढंच बोलून ठेवला. स्कूटरवरून हॉटेलांना पाव पोचवणारा तो माणूस आम्ही शोधला. झेंडा आपल्याकडेच दिला होता, तूच शेवटचा असं सांगून, हे त्याने सरळ सांगितलं. मागे टेम्पो दिसला होता, पण त्याला वाटलं, अडवलाय.

भावोजीला पुन्हा बसवला. झेंड्याचं विचारलं की तोच पाठ केलेला जबाब. खोटं बोलणारा घटनेची तयारी करून येतो. मनात काय सलतंय त्याची तयारी कुणी करत नाही. चहा मागवला आणि सहज विचारलं, मंडळाने काल शाल कसली दिली रे?

"जांभळी. जरीकाठाची. अध्यक्ष माइकवर म्हणाले, या एका माणसाने पूल चालवला." चहाला त्याने हात लावला नाही. "घरी आमच्या हिने ती शाल सगळ्या मजल्याला दाखवली. साहेब, पूल काय एका टोकाने चालतो?"

मग भडाभडा बोलला. झेंडा पाववाल्याकडे देऊन टेम्पो त्यानेच मुद्दाम मागून सोडला होता. गाड्या समोरासमोर अडकतील, मेव्हण्याची फजिती होईल, एवढंच हवं होतं म्हणे.

आरोपपत्र त्याच्यावर गेलं. जायलाच हवं होतं. त्या मुलीचं काय चुकलं होतं? मेव्हणा सुटला, कामावर परत गेला. ठाण्यातून निघताना त्याने एकच विचारलं, "आता ताईला काय सांगू?"

जमिनीवरून डोकी फुटलेली मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पण दोघे एकाच उन्हात राबतात आणि नाव एकाचंच पुकारलं जातं, तिथला जळफळाट घराच्या आतून पेटतो. शाल देणारे कुठल्याच आरोपपत्रात येत नाहीत. ते तुम्ही आहात. तुमच्या भागात सत्कार ठरवाल, तेव्हा आधी पूल चालत ओलांडा. पलीकडे कोण उभा आहे, त्याला नाव विचारा. आणि ते माइकवर घ्या.