एका खिळ्यावर दोन तक्ते

उजव्या हाताचा अंगठा कानाच्या पाळीखाली रोवायचा, जबडा खाली ओढायचा, दोनदा आवंढा गिळायचा आणि मग समोरच्याला परवानगी द्यायची, "बोला सर. बोगदा संपला नाय अजून, पण बोला."

आमच्या पोलादपूरच्या शाळेतल्या मराठीच्या बाई दिवसातून वीस वेळा हे करायच्या. मी त्यांची नक्कल फार छान करायचो. शिक्षकदालनात चहाबरोबर हशा मिळायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी शहाणा दिसायचा प्रयत्न करीन. तुम्ही फसू नका.

बोगदा कशेडीचा. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही जीप करून खेडला निघालो होतो. बोगद्यात सगळ्यांचेच कान जरा दडपले आणि पलीकडे उघडले. बाईंचे उघडले नाहीत. "जेवणापर्यंत उघडतील," मी म्हणालो. जेवण झालं, लग्न झालं, त्या मुलीला मूल झालं. बाई बोगद्यातच.

ऐकू येत नव्हतं असं नाही. ते सोपं गेलं असतं. सगळं ऐकू यायचं, पण लांबून. आणि स्वतःचा आवाज मात्र डोक्याच्या आत, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. ज्या बाई धडा वाचायला लागल्या की शेजारच्या वर्गातली माझी मुलं लिहायची थांबायची, त्या आता दोन ओळी वाचून गप्प व्हायच्या.

मग दुसरं सुरू झालं. एकदा महाडहून शाळेत येताना जीपमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, वर्ग काचेपलीकडं असल्यासारखा वाटतो. खडू धरलेला हात दुसऱ्याच कोणाचा तरी."

"फळ्यावर अक्षर तुमचंच येतंय ना? मग झालं."

जीपमधले सगळे हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्यातल्या माझ्या वाट्याचा जास्त.

महाडच्या डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. कान साफ. दुसऱ्यांनी पाहिलं. साफ. मुंबईला भाऊ होता, त्यानं तिकडे नेलं. बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या, आलेख काढला. आलेख उत्तम. 'टेन्शन घेऊ नका' हे औषध तिन्हीकडे एकच.

"कान साफ हाय हे मला पण माहीत हाय," बाई कडाडल्या. "मी काय मळ काढायला गेलेली? मी सांगते ते कोण लिहूनच घेत नाय." रागावल्या किंवा थट्टेवर आल्या की त्यांची पुस्तकातली मराठी गळून पडायची आणि वरंधच्या बाजूच्या वाडीतली वर यायची.

वाडीत आईनं लसूण कढवून तेल घातलं. चुलत्यांनी गावदेवीला कौल लावला. देवीनं उजवा दिला, म्हणजे बरं होणार. "निदान देवी तरी टेन्शन घेऊ नको बोलली नाय," बाई म्हणाल्या.

मी विज्ञानाचा. कान म्हणजे माझा घरचा विषय. प्रयोगशाळेत कानाचा रंगीत तक्ता होता, कोपरे उंदरांनी कुरतडलेला. मधल्या सुट्टीत मी बाईंना त्याच्यापुढे उभं केलं आणि पट्टीनं दाखवलं. हा पडदा, हा घण, ही ऐरण, ही रिकीब, आणि ही घशाकडे उतरणारी नळी. नाक दाबून आतल्या आत फुंकायचं, नळी उघडते. करूनही दाखवलं. इतकं जोरात की मलाच गरगरलं आणि दोन चंचुपात्रं घेऊन मी जमिनीवर बसलो. दारात अख्खी नववी उभी होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तक्ता न्याहाळत त्यांनी विचारलं, "यात माझा कान कुठं हाय?"

एप्रिलमध्ये आमच्याकडे माणूस सावलीतही भाजतो. बाई शाल पांघरून यायला लागल्या. "काय बाई, महाबळेश्वर का?" असं मी रोज विचारायचो. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबायच्या. हे सगळं मी पाहत होतो. डोळे साफ होते माझे.

मुख्याध्यापकांना दहावीच्या निकालाची काळजी. बाईंकडून वर्ग काढायचा तर कागद हवा. माझं अक्षर चांगलं आणि लिहायला हात कायम तयार, म्हणून तो मी लिहिला. आणि कळवळ्यानं लिहिला, अशी माझी समजूत होती. 'बाईंचे वर्गात लक्ष नसते. त्यांना मानसिक विश्रांतीची गरज आहे.' खाली पाच मिनिटांत सगळ्यांच्या सह्या.

वाचल्याची सही करा म्हणून तो बाईंपुढे ठेवला. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. 'लक्ष नसते' खाली रेघ आणि बाजूला 'कोणी तपासले?' 'मानसिक'भोवती गोल, 'पुरावा?' 'गरज आहे'पुढे, 'विचारले का?' तळाशी दहापैकी दोन गुण. मग तो कागद घेऊन शिक्षकदालनात माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "हे दोन अक्षराचे दिलेत."

कागद त्यांच्या फायलीला लागला, लाल शाईसकट. दहावी गेली. बाईंना ग्रंथालयात बसवलं.

थायरॉइड सापडला तो आरोग्य शिबिरात. रक्तदाब बघणाऱ्या सिस्टरनं विचारलं, "एवढ्या उकाड्यात पंखा बंद करा बोलता? थायरॉइड तपासलाय का कधी?" तपासला. अवटू ग्रंथी नावापुरतीच काम करत होती.

कळल्यावर मी प्रयोगशाळेत गेलो. आमच्याकडे भिंत मोठी आणि खिळा एक, त्यामुळे तक्त्यावर तक्ता टांगायची पद्धत. कानाचा तक्ता उचलला. मागे ग्रंथींचा. थकवा, सूज, थंडी सहन न होणे, आवाज घोगरा होणे. दरवर्षी मी हे पाठ करून घेतो. ज्याला येत नाही त्याला उभं करतो.

पळत ग्रंथालयात गेलो. "बाई, सापडलं. कानाच्या मागेच होतं."

"गोळी लागू पडू दे. मग बोलू."

लागू पडली. शाल गेली, सूज उतरली, जिना एका दमात व्हायला लागला. अंगठा मात्र पाळीखालून हटेना. डॉक्टर म्हणाले, कानाचा संबंध असेलही, नसेलही. मुख्याध्यापक म्हणाले, "चला, सुटलात. आता कानाचं काढू नका."

त्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. "तुम्हाला सगळ्यांना एक नाव पाहिजे होतं, ते गावलं. कान तसाच हाय. काच पण हाय, थोडी पुसल्यासारखी, पण हाय. आधी मी ढोंगी होते, आता कृतघ्न झाले. ते जाऊ दे. तुम्ही लिहिलेला कागद तुम्ही मागं घ्या. माझी दहावी मला परत पाहिजे."

मी दुसरा कागद लिहिला. पाच मिनिटांत सह्या करणाऱ्यांपैकी एकाकडेही पेन नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "आता वर्षाच्या मध्ये कुठं?" तिथे टेबलावर हात आपटायला हवा होता. मी दारात उभ्या असलेल्या बाईंकडे वळलो आणि म्हणालो, "जूनमध्ये बघू."

"हे मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू आलं," बाई म्हणाल्या. यावेळी शुद्ध पुस्तकी मराठीत.

जूनमध्ये बघायला बाई राहिल्या नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी शिपायाकडून हातोडी मागून घेतली आणि प्रयोगशाळेत आल्या. प्रत्येक घाव त्यांच्या डोक्यात बसत होता. डोळे मिटायच्या, दात आवळायच्या, परत मारायच्या. मी हात पुढे केला.

"सरका."

दोन खिळे ठोकले. कानाचा तक्ता जुन्या खिळ्यावर, ग्रंथींचा शेजारच्या नव्या खिळ्यावर. तिसरा रिकामा.

"हा कशाला?"

"माझ्या कानाचा तक्ता अजून कोणी छापला नाय. छापला की लावा. तवर त्याच्यावर दुसरं कायपण टांगू नका."

हातोडी माझ्या हातात देऊन गेल्या. मध्ये कुणाला तरी महाडच्या बाजारात दिसल्या होत्या म्हणे. भाजीवालीचा भाव ऐकताना अंगठा पाळीखालीच होता.

यंदा नवे मुख्याध्यापक आले. प्रयोगशाळा बघताना भिंतीशी थबकले. "सर, हा रिकामा खिळा काढून टाका. कुणाच्या तरी डोक्याला लागेल."

मी म्हटलं, "लागू दे."